बिलावर ४९, खोक्यावर ८०, सिलिंडरमध्ये ६६: एका इंजिन-सायकलचं प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने सायकलला बसवायचं टू-स्ट्रोक इंजिन ऑनलाइन मागवलं. बाग दोन तुकड्यांत, मधे शेततळं, आणि ठिबकचे व्हॉल्व्ह बघायला दिवसातून अनेकदा चक्कर. मोटरसायकल ओळींमधून वळवताना त्रास होतो, म्हणून ही कल्पना. इंजिन बसवलं त्यांच्या पुतण्याने. तो नाशिकला मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो, दुसऱ्या वर्षाला आहे, वय सतरा. सुरुवातीला सायकल बरी चालली. मग पुतण्याला ती कॉलेजच्या दिवसांत शहरातही हवीशी वाटू लागली, आणि तिथून प्रकरण वाढत गेलं.

सातपूरच्या बाजूला आमचं छोट्या इंजिनांचं दुरुस्तीचं काम आहे. मुख्यतः फवारणी पंप आणि ब्रश कटर. काका-पुतणे सायकल टेम्पोत घालून घेऊन आले तेव्हा तक्रार एका वाक्याची होती. काका म्हणाले, "भाऊ, पिस्टन नवा, रिंगा नव्या, तरी ओढत नाही." आधी रिंग तुटली होती. नवा पिस्टन टाकल्यापासून इंजिन सुरू होतं, सपाटीवर कसंबसं पळतं, पण म्हसरूळ ओलांडून रस्ता चढायला लागला की पॅडल मारावंच लागतं. पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं: "ऐंशी सीसीचं इंजिन आहे, काका. कार्बोरेटरमध्येच काहीतरी असणार."

त्यांनी सोबत सगळी कागदपत्रं आणली होती, हे फार बरं केलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ८० सीसी. बिलावर मात्र त्याच वस्तूच्या नावापुढे ४९ सीसी. इंजिनावर नुसता अनुक्रमांक. एकाच इंजिनाचे दोन आकडे, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नाही.

कार्बोरेटर मी उघडला नाही, आधी हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढलं. सीसी हा विश्वास ठेवायचा आकडा नाही, तो मोजता येतो. दोनच मापं लागतात. एक म्हणजे बोअर, ब्लॉकचा, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या भागाचा, आतला व्यास. दुसरं म्हणजे स्ट्रोक, पिस्टन सगळ्यात वरच्या टोकापासून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत जितका सरकतो ते अंतर. स्पार्क प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक मोजायची पद्धत पुष्कळ जण वापरतात. प्लग सरळ उभा असेल तर ती चालते, पण बऱ्याच हेडमध्ये तो तिरका बसवलेला असतो आणि सळई तिरकी गेली की माप फुगतं. हेड काढून व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या दांडीने खोली घ्यावी: पिस्टन वर असताना एकदा, खाली असताना एकदा, आणि वजाबाकी.

बोअर निघाला ४७ मिमी, स्ट्रोक ३८ मिमी. हिशोब पुतण्याकडूनच करून घेतला, कारण त्याचा विषय होता. सेंटीमीटरमध्ये ४.७ चा वर्ग २२.०९. त्याला ०.७८५४ ने, म्हणजे π (पाय) च्या चौथ्या भागाने गुणलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ १७.३५ चौरस सेंमी. त्याला ३.८ ने गुणलं की ६५.९ घन सेंमी, म्हणजेच सीसी. सिलिंडर एकच, त्यामुळे पुढे गुणायचं काही नाही. इंजिन ६६ सीसीचं.

इथे पोराने एक चांगला प्रश्न विचारला. पिस्टन वर असताना हेडमध्ये जी पोकळी उरते, ती मोजली का? ती धरली तर आकडा ऐंशीच्या जवळ जाईल. वर्गात शिकवलेलं विसरून केलेला हा वाद होता, तरी वाद करण्यासारखाच. सीसी म्हणजे पिस्टन जी जागा पुसून काढतो तेवढीच जागा. हेडमधली जागा त्यात धरत नाहीत, ती कॉम्प्रेशन रेशोच्या, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्या हिशोबात येते. ती मिळवूनही ऐंशी झालेच नसते, पण तो हिशोब थोड्या वेळाने.

आकडा जरासा वर ढकलून सांगणं बाजारात नवं नाही. स्प्लेंडरला सगळे शंभर सीसीची गाडी म्हणतात. तिचा बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५, म्हणजे ९७.२ सीसी. तिथे फरक तीन टक्क्यांच्या आत आहे, आणि कंपनी स्वतःच्या कागदावर ९७.२ च लिहिते. ६६ ला ८० म्हणणं म्हणजे एकवीस टक्के वाढवणं. उलट टोकाला त्याच इंजिनाला ४९ म्हणणं. परदेशात पुष्कळ ठिकाणी पन्नास सीसीच्या आतल्या वाहनाला नियम सैल आहेत, त्यामुळे ४९ हा आकडा विकायला सोयीचा. खरं ४८ सीसीचं इंजिनही याच प्रकारात येतं, पण त्याचा बोअर ४० मिमी असतो आणि स्ट्रोक हाच, ३८. बाहेरून ही दोन्ही इंजिनं इतकी सारखी दिसतात की ब्लॉक उघडल्याशिवाय ओळखणं अवघड.

आमच्या ब्रश कटरच्या धंद्यात एवढा गोंधळ होत नाही, कारण तिथे नावातच माप असतं. '१ई४४एफ' असं लिहिलेलं इंजिन म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, ४४ मिमी बोअर, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. स्ट्रोक ३४ धरला की ५१.७ सीसी, आणि ते ५२ म्हणून विकलं जातं. ग्राहकाने नुसतं "बावन्नचा पिस्टन द्या" म्हटलं तरी दुकानदार ४४ चा काढून देतो आणि तो बसतो. सायकलच्या इंजिनात ही सवय नडते.

"ऐंशीचा" पिस्टन

पुतण्याने नवा पिस्टन मागवताना ८० सीसीचा म्हणून मागवला होता. या नावाखाली निदान दोन जातींची इंजिनं विकली जातात: एक ३८ मिमी स्ट्रोकचं, आपल्यासारखं, आणि दुसरं ४० मिमी स्ट्रोकचं, म्हणजे ६९.४ सीसीचं. दोन्हींचा बोअर ४७. त्यामुळे कुठलाही पिस्टन कुठल्याही ब्लॉकमध्ये अगदी मऊ सरकतो. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी गजन पिनही तीच. बसला म्हणजे बरोबर आहे असंच वाटणार.

अडचण पिनच्या वर आहे. स्ट्रोक २ मिमीने वाढला की क्रँक पिस्टनला मधल्या जागेपासून १ मिमी वर आणि १ मिमी खाली जास्त नेतो. बाकी भाग तेच ठेवायचे तर ४० च्या इंजिनात पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर १ मिमीने कमी करावं लागतं, नाहीतर माथा हेडला आपटेल. तसा पिस्टन ३८ च्या इंजिनात टाकला की उलटं होतं: माथा वर पोहोचतच नाही.

जुना पिस्टन काकांनी टाकून दिला नव्हता, खोक्यात कापडात गुंडाळून ठेवला होता. रिंगांशिवाय तोच ब्लॉकमध्ये ठेवून पाहिला: वरच्या टोकाला माथा ब्लॉकच्या काठाशी समपातळीत. नवा ठेवला: काठापासून १ मिमी खाली. हातात दोन्ही धरून पाहिले तर डोळ्यांना काही कळत नाही, पिनच्या वरच्या कडेपासून माथ्यापर्यंत व्हर्नियर लावला की लगेच कळतं.

एका मिलिमीटरने असं काय बिघडणार, असं काकांना वाटलं, आणि ते साहजिक होतं. मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने ते दाखवता आलं. पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, त्याच्या कडेने ग्रीस लावून फट बंद करायची, हेड बसवायचं आणि प्लगच्या भोकातून पातळ ऑइल सोडत जायचं. भोकाच्या खालच्या आट्यापर्यंत किती मिली गेलं ते वाचायचं. नव्या पिस्टनला १२.७ मिली गेलं. नंतर योग्य पिस्टन आल्यावर तेच पुन्हा केलं तेव्हा ११ मिली. फरक १.७ मिली, आणि तो १७.३५ चौरस सेंमी गुणिले १ मिमी याच्याशी जुळतो. म्हणजे कॉम्प्रेशन रेशो ७ वरून ६.२ वर आला होता. (आणि ६५.९ अधिक ११ केले तर ७६.९ होतात, पोराच्या हिशोबानेही ऐंशी नाहीत.)

टू-स्ट्रोकमध्ये एवढ्यावर भागत नाही. इथे व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टनचा माथाच सायलेन्सरकडचं भोक उघडतो आणि बंद करतो. माथा १ मिमी खाली बसला की ते भोक लवकर उघडतं आणि उशिरा बंद होतं. खरं दाबणं सुरू होतं ते भोक बंद झाल्यावर. या ब्लॉकमध्ये त्या भोकाची वरची कड काठापासून २६ मिमीवर होती. म्हणजे योग्य पिस्टन असताना खरोखर दाबली जाणारी जागा ४५ सीसीच्या आसपास, ६६ नव्हे. चुकीच्या पिस्टनने ती २५ मिमीवर आली, ४३.४ सीसी. वर हेडमधली पोकळी वाढलेली. या पद्धतीने काढलेला खरा दाब-रेशो ५.१ वरून ४.४ झाला. "ओढत नाही" याचं अर्धं उत्तर इथे आहे, आणि कार्बोरेटरचा त्यात काही संबंध नाही.

कार्बोरेटरबद्दल एकच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे, इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी. तेवढी ताकद प्रत्येक साध्या इंजिनाची इथे कमी होते, ६६ सीसीचीही आणि ६०० सीसीचीही. त्यासाठी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक, थोडा बारीक करता येतो. पण जो बिघाड पिस्टनमध्ये आहे तो जेटने झाकायला गेलो तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम व्हायचा, म्हणून सांगितलं की आत्ता स्क्रूलासुद्धा हात लावू नका.

छत्तीस दात

दुसरं अर्धं उत्तर मागच्या चाकावर होतं. किटसोबत ४४ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, येतं. पुतण्याने ते काढून ३६ दातांचं बसवलं होतं. कारण सरळ होतं: ऐंशी सीसीला चव्वेचाळीस दात कशाला, टॉप स्पीड वाढवू. पंचेचाळीस सीसी दाबणाऱ्या इंजिनाला ऐंशीचं समजून केलेला हा बदल.

या इंजिनांत क्लचच्या आतले गिअर २० आणि ८२ दातांचे, म्हणजे ४.१ पट कपात. पुढे १० दातांच्या छोट्या स्प्रॉकेटवरून ४४ वर, आणखी ४.४ पट. एकूण १८. म्हणजे इंजिन अठरा फेरे फिरलं की चाक एकदा. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, इंजिन मिनिटाला ४,००० फेरे फिरत असेल तर वेग ताशी साडेसत्तावीस किलोमीटर. ३६ दातांनी कपात पावणेपंधरा पट होते आणि त्याच फेऱ्यांना वेग दिसतो जवळपास चौतीस. कागदावर छान. पण चाकावर येणारा जोर अठरा टक्क्यांनी कमी. चढावर इंजिन ४,००० पर्यंत पोहोचतच नाही, मग चौतीस कुठले.

पिस्टनने आणि दातांनी वेगवेगळं किती नुकसान केलं हे कळावं म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवलं. पिस्टन या वेळी सीसीवर मागवलाच नाही. बोअर ४७, पिनचा व्यास, पिनपासून माथ्यापर्यंतचं अंतर आणि रिंगांची जाडी एवढं लिहून जुन्याचा फोटो पट्टी शेजारी ठेवून पाठवला. तो आल्यावर आधी तोच टाकला, स्प्रॉकेट ३६ चंच ठेवलं आणि काकांच्या बागेत, शेततळ्याच्या बांधाकडे जो चढ आहे त्यावर चालवून पाहिलं. सुरू व्हायला एकदम सोपं झालं, सपाटीवर आवाज भरून येऊ लागला, पण बांधाच्या मध्यावर पॅडल लागलंच. मग ४४ दात परत चढवले. आता बांध पॅडलशिवाय पार होतो, फवारणीचा डबा मागे बांधलेला असला तरी. माझ्या मते मोठा दोष पिस्टनचा होता, पण चढावर शेवटचा अडसर स्प्रॉकेटचा. पुतण्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं दोन्ही सारखेच. आकड्यांत बघायला गेलं तर तोही चुकीचा म्हणता येत नाही.

ब्लॉक बोअर करून खरोखरचे ८० सीसी करून द्या, असंही तो मधे म्हणाला होता. ३८ मिमी स्ट्रोकला ८० सीसी हवे असतील तर बोअर ५१.८ मिमी लागतो. जवळपास पाच मिमी खरवडायचे. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आत हार्ड क्रोमचा पातळ थर. मोटरसायकलच्या बिडाच्या लायनरसारखं त्याला लेथवर चढवून पुढच्या साइजचा पिस्टन टाकायची सोय नाही. थर गेला की रिंगा मऊ ॲल्युमिनियमवर घासणार. नकार दिला.

ताकद किती, हा प्रश्न काकांना सीसीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटत होता. त्यांनी पूर्वी टीव्हीएसची एक्सएल सुपर वापरलेली. तीही टू-स्ट्रोक, ६९.९ सीसी, आणि साडेतीन हॉर्सपॉवरची. दिंडोरी-निफाडच्या शिवारात कॅरेट वाहून नेणारी ती गाडी कुणी विसरलेलं नाही. त्यांना वाटलं, मग हेही तेवढं देईल. देणार नाही. सीसी सांगतो एका फेऱ्यात जास्तीत जास्त किती जागा हवा-पेट्रोलने भरता येईल. ती खरोखर किती भरते हे भोकांच्या आकारावर, सायलेन्सरवर, कार्बोरेटरवर ठरतं, आणि किटच्या इंजिनात या सगळ्यांची घडण स्वस्तातली असते. पेट्रोलमध्ये किती ऑइल, याचाही सीसीशी संबंध नाही. लिटरला ५० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) म्हणजे वीसास एक, ते या इंजिनाला ठीक.

रस्त्यावर?

हा भाग मी टाळणार होतो, पण पोराचं वय कळल्यावर टाळता आला नाही. त्याचा युक्तिवाद तयार होता: बिलावर ४९ आहे, पन्नासच्या आतली गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ मध्ये तशी सवलत आहे खरी, ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलला. पण ती वयाची सवलत आहे. लायसन्स, नोंदणी, विमा यांतून सुटका नाही. आणि व्हर्नियरने ६५.९ दाखवल्यावर बिलावरच्या ४९ चा उपयोग उरत नाही.

मोटार वाहन या व्याख्येतूनच बाहेर राहायचं तर कलम २(२८) प्रमाणे चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपेक्षा जास्त नसलेलं इंजिन हवं. होंडाचं जीएक्स २५ नावाचं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन बोअर ३५, स्ट्रोक २६ चं आहे. कंपनी २५ सीसी म्हणते, मापांनी गुणाकार केला तर २५.०१ येतं. इतक्या काठावर उभं राहून पोलिसांशी हिशोब मांडायला मी कुणाला सांगणार नाही. ६६ सीसीला तर प्रश्नच नाही: नोंदणी लागणार, आणि घरी जोडलेल्या सायकलला नोंदणीसाठी लागणारं मान्यतेचं प्रमाणपत्र मिळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९ अ आहे. अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. हे ऐकून काका पुतण्याकडे नुसतं बघत राहिले.

शहरात फिरायला इंजिनच हवं असा हट्ट नसेल तर २५० वॅटच्या आतली, ताशी २५ किमीच्या खालची बॅटरीची सायकल नियमांत मोटार वाहन धरली जात नाही. तो रस्ता मोकळा आहे. पोराला तूर्त सिटीलिंक बसचा पास काढून दिला आहे आणि सायकल बागेत परत गेली आहे. चुकीचा पिस्टन, बरोबर पिस्टन आणि सिरिंजचे आकडे यांवर तो कॉलेजचा मायक्रो-प्रोजेक्ट करतोय; मोजमापाचा तक्ता मी तपासून दिला, लिहिणं त्याचं.

एक काम राहिलं आहे. इंजिन आता नीट ओढतं, पण सायकलचे ब्रेक रिमला रबर घासणारेच आहेत. बांधावरून उतरताना, मागे भरलेला डबा आणि रिम ओला, ते पुरत नाहीत. मी स्वतः बसून पाहिलं. मागच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब घालून घ्या असं काकांना सांगितलंय, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, कारण नंतर त्यांना वेळ मिळणार नाही. ते म्हणाले, हबची किंमत विचारून सांगा.